घारीला न भिणारी पिल्लं

एका कोंबडीवर मी जळते. माणसावर जळणाऱ्या बायका गावोगाव सापडतील, पण कोंबडीवर जळणारी बहुधा मी एकटीच. बरं, कोंबडी देखणी असती तर गोष्ट वेगळी. काळीकुट्ट, चणीनं एवढीशी आणि मान पार उघडी, लालभडक. एक पीस नाही तिथं. मी तिला गिधाडी म्हणते. माझी धाकटी जाऊ मंगल तिला चंद्रा म्हणते. कोंबडी मंगलची, म्हणजे नाव ठेवायचा हक्क तिचा, हे मला कळतं. पण माझ्या तोंडातून चंद्रा निघत नाही, त्याला मी काय करू?

आता मी कोण ते सांगते. माहेर माझं खालापूर तालुक्यातलं, सासर कशेळ्याच्या अलीकडचं. मालक खोपोलीला कारखान्यात होते, आता घरी असतात आणि माझ्या कामात चुका काढतात. शाळा माझी लवकर सुटली. वाचायला खरं शिकले ते लेकीच्या पुस्तकांवरून आणि खाद्याच्या पोत्यांवरून. काम माझं पिल्लं वाढवायचं. आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांवरच्या बायका मला पिल्लांची मावशी म्हणतात. कोंबडीवाली म्हणत नाहीत. हा फरक तुम्हाला लहान वाटेल, मला नाही वाटत.

शहरातल्या माणसाला कोंबड्या दोनच ठाऊक. एक दुकानातल्या पिंजऱ्यातली पांढरी आणि दुसरी गावठी. मधली एक असते, ती आमची, सुधारित देशी. दिसायला गावठीसारखी, रंगीबेरंगी. अंगणात हिंडते, शेणातले किडे उकरते, उरलेला भात खाते, पावसापाण्याला दाद देत नाही. पण गावठीपेक्षा वजनाला भरते आणि अंडी कितीतरी जास्त देते. मग सगळ्यांनी हीच का पाळू नये? तर हिच्यात एक खोट आहे. गावठी कोंबडी काही अंडी घातली की खुडूक होते, म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसते. उठवायला गेलं की फुगते, चोच मारते, पिल्लं काढूनच उठते. आमची सुधारित बाई हे विसरलीय. अंडं घालायचं आणि चालू पडायचं. मागं वळून बघायचं नाही.

तेव्हा हिची पिल्लं मशीनमध्ये निघतात आणि एका दिवसाची असताना पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात. असं पिल्लू थेट वाडीवरच्या अंगणात सोडलं तर संध्याकाळ बघत नाही. अंगावर पिसं येईपर्यंत, लस होईपर्यंत, साधारण महिनाभर त्याला कुणीतरी आई लागते. ती आई मी. मी आणि माझे बल्ब.

टेंपोवाला लांबूनच हॉर्न देतो, की मी हातातलं काम टाकून पळते. आल्या आल्या प्रत्येकाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवायची. एकदा चव कळली की आपलं आपण पितं. खोलीत भाताच्या तुसाचा जाड थर, वर लोंबते बल्ब आणि भोवती पत्र्याचं गोल कडं. गोलच का? कारण पिल्लाला कोपरा मिळाला की घात. जरा गारवा लागला की सगळी कोपऱ्यात घुसतात, एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. माझ्या पिल्लांना मी कोपरा दिसूच देत नाही. लाईट गेली तर शेगडीत कोळसे पेटवून वर घमेलं उलटं घालते आणि खिडकी किलकिली ठेवून तिथंच बसते.

गरमी किती हवी ते बघायला लोक यंत्र लावतात. माझ्याही भिंतीला आहे. पण खरं सांगतात ती पिल्लंच. बल्बाखाली गोळा होऊन किरकिरली की गारठलीत. कड्याला चिकटून चोची उघड्या टाकल्या की भाजतायत. आणि सगळीकडं पसरून, पाय ताणून, माना टाकून पडली की समजायचं, आता आपणही चहा प्यायला हरकत नाही. पहिल्या खेपेला अशी पडलेली बघून मी रडायला लागले, सगळी गेली म्हणून. मालक धावत आले, त्यांनी टाळी वाजवली, आणि मेलेली सगळी उठून उभी राहिली. ती टाळी मालक अजून लोकांना वाजवून दाखवतात.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. पळसदरीला शनिवार-रविवार राहायला येणाऱ्या एक बाई. हौसेनं कोंबड्या नेल्या, सोबत एक कोंबडा. सोमवारी फोन. "मावशी, कोंबडा फार लवकर उठतो. आम्ही तिथं आराम करायला येतो ना. त्याला सुट्टीच्या दिवशी उशिरा आरवायला शिकवता येईल का?"

मी म्हटलं, "बाई, माझ्या मालकांना मी इतक्या वर्षांत लवकर उठायला शिकवू शकले नाही, तुमच्या कोंबड्याला उशिरा कशी शिकवू?"

हसल्या बिचाऱ्या. पण कोंबडा परत आणून दिला. तो आता माझ्याकडं दुपारीसुद्धा आरवतो.

दुसरे भिसेगावचे एक निवृत्त मास्तर. घरामागं एवढीशी जागा, तिथं पाच कोंबड्या. पहिलं अंडं पडलं तेव्हा ते रुमालात बांधून, रिक्षा करून मला दाखवायला आले. मी म्हटलं, "मास्तर, खायचं सोडून इथं कशाला आणलं?" तर म्हणाले, "आधी तुम्हाला दाखवतो, मग खातो. नाहीतर घशाखाली उतरणार नाही." अशा माणसासाठी जागरणं करावीत.

पण माझी खरी गिऱ्हाइकं म्हणजे वाड्यांवरच्या बाया. कशेळ्याला बाजाराला यायचं, येताना जीपमधून माझ्याकडं उतरायचं, आणि महिन्याची झालेली पिल्लं टोपलीत, पाटीत, कुणी पदरातसुद्धा घेऊन जायची. त्यांच्यातली म्होरकी हिरूबाई. ठाकरवाडीवरची. बारीक चणीची, पण बोलायला लागली की जीपचा ड्रायव्हर हॉर्न बंद करतो. तिनं घेतली तर सगळ्या घेतात, तिनं नाक मुरडलं तर सगळ्यांची नाकं मुरडतात. आणि पिल्लांची खोकी उबवणी केंद्रातून येतात ती भरूनच येतात. थोडी पाठवा म्हटलं तर कोण पाठवतं? म्हणजे हिरूबाई फिरली की माझे बल्ब विझले.

आता मंगल. आमची घरं एका भिंतीची, अंगणं दोन, मध्ये जाळी. जाळी मी लावली. कारण विचारलंत तर रोगराईचं सांगेन. मंगलच्या गावठी कोंबड्या गावभर हिंडतात, माझ्या नाजूक पिल्लांना काही लागू नये. कारण खोटं नाही. पण एवढंच खरं नाही.

पूर्वी मी थर्मासमध्ये बर्फ भरून, त्यात लसीची बाटली ठेवून वाडीवाडीला जायची. मानमोडी नावाचा रोग आहे, कोंबडीची मान पिळवटते आणि बघता बघता सगळं खुराडं रिकामं होतं. तो आल्यावर औषध नाही, येण्याआधी लस. ती गरम झाली की पाणी. म्हणून कोंबड्या सोडायच्या आत, पहाटे पोचायचं. माझी लेक शिल्पा तेव्हा लहान. तिला मंगलकडं ठेवायची. पोर बोलायला लागली ती "काकी" म्हणून. आता डोंबिवलीला असते. येते तेव्हा चपला काकीच्या दारात निघतात. मी माझ्या दारातून म्हणते, "आलीस का गं?" ती तिकडून म्हणते, "आले गं आई, काकीला भेटून येते." यात राग धरण्यासारखं काही नाही. मी धरते.

आणि त्याच मंगलच्या अंगणात ही गिधाडी. वर्षातून तीनदा खुडूक होणार. मंगल तिच्याखाली अंधार पडल्यावर कुणाचीही पिल्लं सारते, बदकाचीसुद्धा, आणि सकाळी ही त्यांना घेऊन पाटलिणीसारखी बाहेर पडते. ना बल्ब, ना तूस, ना कडं, ना गुळाचं पाणी. मी इकडं जाळीमागून बघते. मी पिल्लांसाठी उन्हातान्हात कर्जतपर्यंत जाते, आणि ही बया नुसते पंख पसरून बसते, की सगळी आत!

आमच्या दोन वर्षांपूर्वीच्या एका खेपेनंतर हिरूबाई आली आणि माझ्या ओट्यावर बसून, पान लावता लावता म्हणाली, "मावशी, पिल्लं तुमची झ्याक असतात. मोठी असतात, रोग नाय, राई नाय. पन लई अडानी."

"अडाणी?"

"तर काय! घार आली की गावठी पिल्लं झुडपात घुसतात. तुमची उभीच. वर बघतात. जनू इमान चाललंय."

शेजारी मंगल तांदूळ निवडत होती. मान खाली, पण खांदे हलत होते.

हिरूबाई खोटं बोलत नव्हती. ही गोष्ट मी इतकी वर्षं पाहिली नव्हती कशी, याचंच मला नवल वाटलं. कोंबडी आपल्या पिल्लांशी बोलत असते. दाणा दिसला की कुक् कुक्. लांब गेली तर वेगळं. आणि घार, शिक्रा दिसला की घशातून एक लांब, खरखरीत आवाज काढते. तो कानावर पडला की पिल्लू जिथं असेल तिथून नाहीसं. ही भाषा आई शिकवते. बल्ब बोलत नाही. माझी पिल्लं खाणं शिकली, पिणं शिकली, लसीच्या थेंबाला डोळा उघडणं शिकली, फक्त भिणं शिकली नाहीत. माझ्या खोलीत भिण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

मालक म्हणाले, "मंगलला विचार ना. तिची कोंबडी—"

"मला येतं," मी म्हटलं. "मी शिकवते."

आणि इथं मी जे केलं ते कुठल्या पुस्तकात नाही, नसावंही. मालकांची जुनी काळी छत्री काढली. पिल्लं मोठी झाली की दुपारी अंगणात सोडते, तेव्हा ती छत्री उघडून डोक्यावर धरायची, "घार आली, घार आली!" ओरडत अंगणभर धावायचं. छत्रीची सावली पिल्लांवरून फिरली पाहिजे. एका बाजूला मोठं डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची टोपली, विटेवर टेकवून ठेवलेलं, त्याखाली लपावं म्हणून आत तांदळाची कणी फेकायची. या वयात गुडघे काय म्हणत असतील ते सोडा. मालकांनी पहिल्या दिवशी बघितलं आणि आत जाऊन पंखा लावून झोपले.

मंगल जाळीपाशी आली. पदर तोंडात. "ताई, पाऊस कुठाय गं?"

"काम कर तुझं."

"नाय, मी म्हनलं, चांगलं ऊन हाय, आन् तू छत्री घेऊन पळतेस. काय लागलंय का?"

"घार शिकवतेय त्यांना."

"घार?" तिनं वर बघितलं, छत्रीकडं बघितलं, आणि मग आत पळाली. तिच्या घरातून हसण्याचा आवाज किती वेळ येत होता.

पण हसू द्या, मी म्हटलं. कारण पिल्लं शिकली! छत्री उघडायचा खटका वाजला, सावली पडली, की सगळी भराभर डालग्यात. एक मागं राहीना. मी तर छाती काढून फिरायला लागले. गिधाडीला जे जमतं ते मला जमलं, आणि तेही छत्रीवर! ती खेप बायांना देताना मी हिरूबाईला सांगितलं, "आता बघ. घारीची सावली पडली की दिसणार नाहीत तुला."

पुढचा बाजार भरून गेल्यावर हिरूबाई आली. पान लावलं नाही. ओट्यावर बसलीसुद्धा नाही.

"मावशी, तुमी पिल्लांना काय शिकवलं?"

"का गं?"

"घारीची सावली पडली की लपायचं सोडून भायेर पळतात. झुडपात असली तरी भायेर येतात. माना वर, चोची उघड्या. घारीला आवतान देतात, मावशी! माझ्या डोळ्यादेखत एक नेलं, तरी दुसरं तिच्याखाली जाऊन हुबं. जनू आता आपला नंबर."

झालं काय, ते एका क्षणात समोर आलं. कणी. मी लपायला शिकवतच नव्हते. सावली पडली की जेवण मिळतं, हे शिकवत होते. डालगं वाडीवर नव्हतं, छत्री नव्हती, सावली मात्र होती. पिल्लांनी धडा अगदी बरोबर पाठ केला होता. चुकली होती ती बाई.

हिरूबाईनं मग ते सांगितलं ज्यासाठी ती आली होती. "आता फुडली खेप बाया घेनार नाय म्हनतात. मंगलकाकीकडं मावतील तेवडीच घेऊ. थोडी, पन टिकनारी."

"अगं, एका कोंबडीखाली किती मावणार?"

"मावतील तेवडी. घारीला घालायला नको, मावशी. आमीबी पोरावानी बघतो त्यांना."

ती गेली. खोलीत त्या वेळी पुढची खेप वाढत होती. बल्ब नुकतेच कमी केलेले, पंखांना पिसं फुटलेली. ही खेप बायांनी नाही नेली, तर खोकी यायची बंद. म्हणजे उद्यापासून मी कोण? मालकांच्या चुका काढणारी बाई. आणि बाया जीपमधून उतरणार कुठं, तर पलीकडच्या दारात.

मी दोन दिवस विचार केला. म्हणजे विचार काही नव्हता, उपाय कधीचाच दिसत होता, तो गिळायला दोन दिवस लागले. माझी पिल्लं आता गिधाडीखाली सारण्याच्या वयाची नव्हती. मोठं, परकं पिल्लू आलं की कोंबडी टोचून हाकलते. पण त्याच दिवसांत गिधाडी स्वतःची पिल्लं घेऊन अंगणात फिरत होती. माझी तिच्या पिल्लांत मिसळली, तर तिची पळतील तशी पळतील. पोरं पोरांकडूनच जास्त शिकतात. त्यासाठी फक्त जाळी काढायला हवी होती. आणि त्याआधी मंगलला विचारायला हवं होतं.

गेले. ती भाकऱ्या थापत होती.

"मंगल, जाळी काढते म्हणते मी."

"काढ की. तूच लावलीस."

"माझी पिल्लं तुझ्या अंगणात येतील."

"येऊ देत."

"तुझी ती… ती कोंबडी आहे ना, तिच्या मागं जरा फिरली तर—"

भाकरी परतली तिनं. "कुठली कोंबडी?"

"तीच गं. काळी."

"काळ्या दोन हायेत माझ्याकडं."

"उघड्या मानेची!"

"तिला नाव हाय, ताई. नाव घेऊन माग. गिधाडी नाय देत मी कुनाला. चंद्रा देते."

तव्यावरची भाकरी फुगत होती, आणि मीही. मालक दारात उभे राहून ऐकत होते. एवढे हौसेनं ते कीर्तनही ऐकत नाहीत. मी म्हटलं, "चंद्रा." इतकं हळू, की मलाच ऐकू आलं नाही. मंगल म्हणाली, "आं?" मग मी ओरडूनच म्हटलं, "चंद्रा! चंद्रा दे!" कोंबडी खरंच धावत आली. तिला वाटलं, हाक मारली.

पहिला दिवस वाईट गेला. आधी मी लसीचं बघितलं, दोन्हीकडच्या कोंबड्यांची पुरी झाल्याची खात्री केली, मग जाळी काढली. माझी पिल्लं घोळक्यानं तिकडं गेली आणि तिनं जे काही झोडपलं! एकेकाला डोक्यावर टोचून परत पाठवलं. मला आतून बरं वाटलं. म्हटलं, बघा, लोक हिला आई म्हणतात. पण पिल्लांना लाज नसते. दुसऱ्या दिवशी परत गेली, जरा अंतर ठेवून. तिनं उकरलं की तिची खायची, माझी बाजूनं पळवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं नाद सोडला. एवढ्या पोरांना कुठवर हाकलणार?

आणि मग शिक्रा आला. बांबूच्या बेटावर बसला असावा, मला दिसला नाही, मालकांना दिसला नाही. तिला दिसला. डोकं तिरकं करून एक डोळा वर, आणि घशातून तो आवाज. कर्रर्र. तिची पिल्लं तिच्याखाली, लाकडांच्या मोळीखाली, गायब. माझी उभी. मी जागची हलले नाही. ओरडावंसं वाटलं, तोंडावर हात दाबून धरला. एक तांबूस पिल्लू माझं, पायानं जरा लांब, त्यानं इकडंतिकडं बघितलं, एकटं पडलंय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ते मोळीखाली घुसलं. मग दुसरं. मग पाच-सहा. शिक्रा एकाला घेऊन गेला, खोटं सांगत नाही. पण पुढच्या वेळी तिनं आवाज काढला, तेव्हा अंगण झाडून काढल्यासारखं रिकामं झालं.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण संध्याकाळी बल्ब लावून खोलीच्या दारात उभी राहिले, "ती ती ती" करून बोलावलं, तर निम्मी माझ्याकडं आली आणि निम्मी तिच्या खुराड्यापाशी जाऊन उभी राहिली. आत जागा नव्हती, तरी उभी. मी एकेकाला उचलून आणलं. एकानंही येताना आनंद दाखवला नाही.

बाजाराच्या दिवशी हिरूबाई बायांना घेऊन आली, ती पिल्लं न्यायला नाही, मंगलशी ठरवायला. मी ओट्यावरच थांबवलं. म्हटलं, "पिल्लं नको नेऊस. नुसती बस. चहा पी." बाया बसल्या. अंगणात पिल्लं, तिची-माझी एकत्र. आमच्याकडं घारी दुपारी हमखास फिरतात. चहा संपला, घार येईना. दुसरा केला. हिरूबाई म्हणाली, "मावशी, जीप जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे, मी टेंपोवाल्याला सोडायला लावते." आयुष्यात पहिल्यांदा घार यावी म्हणून देवाला नाही, पण आभाळाला विनवलं.

आली. सावली ओट्यावरून सरकली. छत्रीची खेप आठवली. गिधाडीचा आवाज आला आणि अंगणात एक पिल्लू राहिलं नाही. मोठं नाही, बारकं नाही, माझं नाही, तिचं नाही. घार एक फेरी मारून निघून गेली.

हिरूबाईनं कप खाली ठेवला. "आता शानी झाली." मग जरा वेळानं, "मावशीची तब्येत आन् चंद्रीची अक्कल. फुडली खेपबी अशीच पायजे, मावशी. तुमीच करा."

तुमीच करा! हे ऐकायला मी जळत होते, झुरत होते. आणि ऐकल्यावर कानात काय राहिलं, तर चंद्रीची अक्कल. माझ्या वाट्याला नुसती पिल्लांची तब्येत.

बाया टोपल्या भरून गेल्या. मंगल मागं राहिली, कप गोळा करत. बराच वेळ एकच कप विसळत होती.

"ताई, एक बोलू?"

"बोल."

"समद्या तुलाच इचारतात. मावशी, लस कवा. मावशी, खाद्य काय. मावशी, पाय का वाकडा. कोंबडी माझी, अंगन माझं, पन मला कुनी इचारत नाय. इचारलं तर एवडंच, चंद्रीला इकतेस का?" तिनं कप पालथा घातला. "मला बघून बघून कटाळा आला गं. तू बाटली काढतेस, झटकतेस, थेंब घालतेस, आन् समद्या गप उभ्या राहतात. मला शिकव ना."

मंगल माझ्यावर जळते! इतकी वर्षं जाळीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. इतकं बरं वाटलं, म्हणून सांगू! आणि लगेच दुसरा विचार आला. कोंबडी तिची आहेच. आता लसही तिला आली, तर माझ्याकडं काय राहिलं?

"शिकवते," मी म्हटलं. कधी, ते मी सांगितलं नाही.

पण नवी खेप आली, आणि पहिल्या लसीची पहाट झाली, तेव्हा मंगल अंघोळ करून, केस बांधून, माझ्या दारात उभी. नाही कसं म्हणणार? बर्फातली बाटली काढली, औषध कसं हलक्या हातानं मिसळायचं ते दाखवलं, पिल्लू कसं धरायचं ते दाखवलं: मूठ सैल, डोकं अंगठ्याखाली, डोळा वर, थेंब पडला की लगेच सोडायचं नाही, आत जाईपर्यंत थांबायचं. माझ्या हातात पिल्लू फडफडलं. फडफडतंच ते, चिवचिवाट करतं, पाय झाडतं. सगळ्यांच्याच हातात तसं करतात, असं मी इतकी वर्षं समजत आले.

मंगलनं एक उचललं. ते तिच्या मुठीत गप्प बसलं. नुसतं गप्प नाही, डोळे मिटायला लागलं. तिनं थेंब घातला. हात हलला नाही, थेंब बाहेर सांडला नाही, पिल्लानं एकदा डोळ्याची उघडझाप केली आणि परत पेंगलं.

मंगलनं माझ्याकडं बघितलं. शाळेत पाटी दाखवणाऱ्या पोरीसारखं. "जमलं का गं, ताई?"

थेंब अगदी डोळ्याच्या मधोमध पडला होता. माझा कधी इतका बरोबर पडला असेल तर मला आठवत नाही.

"जरा वाकडा पडला," मी म्हटलं. "दुसरं घे."